नगरपरिषदेचा मुख्याधिकारी आणि त्याचे दुहेरी उत्तरदायित्व

वाई, महाड, पैठण यांसारख्या शहरांचा कारभार पाहणाऱ्या नगरपरिषदांमध्ये निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे ही कामे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने वेगवेगळ्या व्यक्तींकडे सोपवलेली आहेत. नगरसेवक सर्वसाधारण सभेत ठराव करतात, नगराध्यक्ष कारभारावर देखरेख ठेवतात, तर ठरावांची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवरील नियंत्रण आणि दप्तर यांची जबाबदारी मुख्याधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकीय प्रमुखाकडे असते. सभेत त्याला खुलासा करता येतो, मत देता येत नाही.

या पदाचा भार एखाद्या प्रभागातील गटाराच्या कामातही दिसून येतो. ठराव, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे पार पडल्यावर अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी व खोली मोजतो, ती मापे मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो, लेखा विभाग तिची पडताळणी करतो आणि त्यानंतरच ठेकेदाराचे देयक मुख्याधिकाऱ्यापुढे येते. नोंदी न तपासता सही केली तर लेखापरीक्षणात आक्षेपाला उत्तर त्यालाच द्यावे लागते. देयक रोखून धरले तर ठेकेदाराबरोबर त्या प्रभागाच्या नगरसेवकाचाही रोष पत्करावा लागतो. घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या वसुलीतही हाच ताण असतो, कारण जप्तीची कारवाई ज्यांच्यावर करायची ते थकबाकीदार कोणाचे ना कोणाचे मतदार असतात. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून शासकीय अनुदानावरील अवलंबन वाढले असल्याने ही वसुली सोडून देणेही परवडत नाही.

मुख्याधिकारी कोणाला उत्तरदायी राहतो, हे त्याला कोण नेमते यावरही ठरते. अमेरिकेतील डेटन शहराने 1913 च्या महापुरानंतर जी पद्धत स्वीकारली, तीत शहर व्यवस्थापकाची नेमणूक निवडून आलेले मंडळच करते आणि तेच त्याला दूरही करू शकते. महाराष्ट्रात मात्र मुख्याधिकाऱ्याची नेमणूक व बदली शासनाच्या हाती असते. त्यामुळे बेकायदा ठरावाला विरोध करण्याचे बळ त्याला मिळते, आणि असा ठराव याच अधिनियमाच्या कलम 308 खाली तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असल्याने त्या विरोधाला आधारही असतो. परंतु शहराची नळयोजना, अतिक्रमणे आणि माणसे नीट कळू लागतात न लागतात तोच बदलीचा आदेश येतो, ही या व्यवस्थेची सर्वांत महागडी उणीव आहे.

2021 अखेरीपासून मुदती संपत गेलेल्या अनेक नगरपरिषदांवर निवडणुका लांबल्यामुळे मुख्याधिकारीच प्रशासक म्हणून नेमले गेले, म्हणजे ठराव करणारा आणि तो अमलात आणणारा अधिकारी एकच झाला. पाणी चार दिवसांआड का येते, हे भर सभेत विचारणारा नगरसेवक त्या काळात नव्हता आणि नागरिकांच्या हाती अर्ज देण्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते. डिसेंबर 2025 मधील निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली असल्याने प्रशासकीय काळातील खर्चाचा तपशील विषयपत्रिकेवर घेऊन तो तपासण्याचे काम नव्या नगरसेवकांना आता करता येईल, आणि ते त्यांनी केलेच पाहिजे.