उन्हात अडणारा जुना ट्रॅक्टर



वैशाखाचे ऊन डोक्यावर असते. सकाळपासून नीट चाललेला पेट्रोलचा जुना ट्रॅक्टर एकाएकी आचके देतो आणि बंद पडतो. हँडल मारून खांदे दुखतात, पण इंजिन दाद देत नाही. संध्याकाळी मात्र पहिल्याच फेऱ्यात सुरू! मग कोणी म्हणते इंजिन गेले, कोणी म्हणते पेट्रोलात भेसळ आहे. पुष्कळदा दोन्ही खरे नसते. पेट्रोल टाकीत असते, पण कार्बोरेटरला पोचण्याआधी नळीतच त्याची वाफ होते. यालाच मिस्त्री लोक ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

असे का होते? पाणी उकळायला १०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातले हलके अंश ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतली हवाच कधी ४५ अंशांवर जाते. मग बॉनेटखालची गोष्टच सोडा. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० पहा. त्याची टाकी इंजिनाच्या वर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. तो जोर थोडाच असतो. नळीत वाफेचा फुगा धरला की धार तुटते.

रॉकेलवर चालणाऱ्या नमुन्यांत रॉकेलची वाफ व्हावी म्हणून आतला भाग मुद्दाम तापता ठेवलेला असतो. त्यात नुसते पेट्रोल घातले, तर हा त्रास वाढतो. शिवाय आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. त्या दरवर्षी तपासाव्यात.

आता उपाय. नळी धूर जाणाऱ्या पाइपापासून निदान चार बोटे दूर ठेवावी. जागा नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा करावा. नळी टाकीपासून सतत उताराने यावी. मध्ये चढ असला की वाफ तिथेच साठते. रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढावा, पाणी पुरेसे ठेवावे. दुपारी टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. भरली टाकी हळू तापते. भाकरीला थांबताना इंजिन लगेच बंद करू नये. दोन-तीन मिनिटे बिनओझ्याचे चालवावे, मग सावलीत उभे करून बॉनेट उघडावे. इंजिन थांबले की पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता कार्बोरेटरवर चढते.

तरीही अडलाच, तर अर्धा तास थांबा. नळीभोवती ओला फडका गुंडाळला तर लवकर निवते. माठातले पाणी गार होते तोच हा न्याय. पाणी तापल्या इंजिनावर मात्र ओतू नका, बिडाला तडा जातो. आणि कार्बोरेटरच्या तोंडात हाताने पेट्रोल ओतण्याची जी खोड आहे, ती आजच सोडा. इंजिनाने उलटा भडका मारला तर हात, तोंड आणि बाटली एकदमच पेटते. विडी-काडी तर जवळ नकोच.

आणखी एक खूण. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते धुळीने बुजले तरी ट्रॅक्टर असाच अडतो. इंजिन निवल्यावर झाकण सैल करून पहा. तेवढ्याने पेट्रोल वाहू लागले, तर दोष झाकणाचा.

डिझेल ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र हा उपाय आपला समजू नये. १९५९ साली आपल्या देशात आयशरचा ट्रॅक्टर बनू लागला, तोही डिझेलचाच. डिझेल इतक्या उष्णतेला उकळत नाही. तिथे इंधन तुटले, तर बहुधा टाकी संपल्याने किंवा सैल जोडातून हवा शिरलेली असते. जोड आवळून ती हवा काढावी लागते.

गुरुजींनी वर्गात हे पेट्रोलाशिवाय दाखवावे. पाणी भरलेल्या बंद डब्याला खाली एकच भोक पाडा, धार अडखळते. वर दुसरे पाडा. धार सरळ लागते. झाकणाचे भोक कशासाठी, ते मुलांना तेवढ्यात कळेल. अशी मुले घरी गेली, की तापल्या इंजिनाशी झटणाऱ्या वडिलांना ‘जरा थांबा’ म्हणतील. अर्ध्या तासाची खोटी परवडते. भाजलेला हात भर हंगामात परवडत नाही.