वेशीबाहेरचा सूर आणि गावाचे नाव

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव व्यापारी कुटुंबांना परिचित आहे ते टोमॅटोच्या बाजारपेठेमुळे. गुढीपाडव्याच्या सुमारास मात्र येथे एक वेगळाच बाजार भरतो. तमाशाफडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे कारभारी आपल्या यात्रेसाठी फड ठरवण्यास येतात. या कराराला ‘सुपारी’ म्हणतात. याच परंपरेमुळे नारायणगावला ‘तमाशापंढरी’ हे नाव मिळाले.

यात्रेसाठी वर्गणी सर्व घरांतून गोळा होते. पेठेतील दुकानदारही ती देतात. रात्री ढोलकीवर थाप पडली की पाटील, शेतमजूर, व्यापारी, मुसलमान कारागीर असे सारे एकाच रंगमंचासमोर बसतात. आरंभी गणेशवंदनेचा गण, मग गौळण, बतावणी आणि अखेरीस वग असा हा क्रम. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि हलगी ही त्याची वाद्ये. यांतील हलगी हे प्रामुख्याने मातंग समाजाचे वाद्य. ज्या वादकांना एके काळी देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या हलगीवाचून त्याच देवाची यात्रा पुरी होत नसे. जातीने दुभंगलेल्या गावाला निदान एका रात्रीपुरते सुराने एकत्र आणले, ते असे.

नारायणगावचे नाव महाराष्ट्रभर नेणारा फडही याच समाजाचा होता. नारायण खुडे यांनी उभा केलेला फड त्यांचे पुत्र भाऊ व बापू यांनी नावारूपास आणला. फडाचे नाव ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. ज्या समाजाची वस्ती वेशीबाहेर असे, त्याने आपली जात न लपवता गावाचे नाव आपल्या नावापुढे लावले आणि ते दूरदूर पोहोचवले.

सुराने जातीची वेस ओलांडण्याची ही परंपरा जुनी आहे. पेशवाईच्या काळात सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, तर जेजुरीचे सगनभाऊ मुसलमान. तिघांच्याही लावण्या एकाच ढोलकीवर रंगल्या. पुढे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्ण कुलकर्णी घरदार व प्रतिष्ठा सोडून फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. नारायणगावहून नाशिककडे जाणाऱ्या याच वाटेवरील संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा आहे. तेथील महार समाजातील पवळाबाई त्यांच्या लावण्यांचा आवाज बनल्या. एकाचे शब्द आणि दुसरीचा गळा यांनी जातीची भिंत ओलांडली. समाजाने मात्र बापूरावांना वाळीत टाकले. १९४५ मध्ये त्यांचा अंत विपन्नावस्थेत झाला.

या कथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीसाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वीकारले नाही. दलित स्त्रियांना रंगमंचावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. एकत्र बसून गाणे ऐकणे ही समतेची सुरुवात असू शकते, समता नव्हे, हा त्या नकाराचा अर्थ आहे.

विठाबाई नारायणगावकर यांचे जीवन हेच सांगते. १९३५ साली पंढरपूर येथे जन्मलेल्या विठाबाई भाऊंच्या कन्या. बालपणापासून त्या फडात वाढल्या. पूर्ण दिवसांच्या गरोदर असतानाही त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या; मध्येच पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९६२ च्या चीन युद्धात त्यांनी सीमेवरील जवानांसमोर कला सादर केली. राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तरीही उतारवयात त्यांच्या वाट्याला कर्ज आणि आजारपण आले. उपचारांसाठी दात्यांकडे पाहावे लागले. २००२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वही बंद करू नये, हा व्यापारी घराण्यांचा संस्कार आहे. या कलावंतांकडून समाजाने घेतलेले पुष्कळ आहे. दिलेले त्या मानाने थोडे. कोरोनाकाळात २०२० आणि २०२१ च्या यात्रा थांबल्या, तेव्हा फडांचे अख्खे हंगाम बुडाले आणि ही तूट अधिकच उघडी पडली.

म्हणून पुढच्या यात्रेची वर्गणी देताना काही साधे प्रश्न विचारता येतील. ठरलेली सुपारी फडाला वेळेवर आणि पूर्ण मिळते का? फडातील स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची व स्वच्छतागृहाची सोय आहे का? खेळ संपल्यावर त्यांना निर्धास्त झोपता येईल अशी जागा गावात आहे का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी मिळतील, तेव्हा सुराने बांधलेला पूल सकाळ झाल्यावरही उभा राहील.