मोटारीचे अंधुक दिवे घरीं स्वच्छ करण्याची रीत

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसपट्ट्यांतील रस्त्यांवर रात्रंदिवस वाहतूक चालते. उसाच्या बैलगाड्यांस व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांस मागें दिवा असतोच असें नाहीं. कांहींवर तांबड्या चकाकत्या पट्ट्या असतात, कांहींवर त्याहि नसतात. अशा रस्त्यानें भाजीपाला घेऊन पहांटे बाजारास निघणाऱ्या पिकअपवाल्यास पुढील गाडी वेळेवर दिसणें हें सर्वस्वीं त्याच्या स्वतःच्या दिव्यांवर अवलंबून असतें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर रस्ता संपला, आणि कोरड्या रस्त्यावरहि गाडी थांबावयास आणखी सुमारें २० मीटर लागतात. हा हिशेब ध्यानांत घेतला असतां पिवळट पडलेल्या दिव्यांकडे दुर्लक्ष करणें किती महाग पडेल, हें निराळें सांगावयास नको.

पूर्वीच्या गाड्यांच्या दिव्यांवर खरी कांच असे. कांच उन्हानें पिवळी पडत नाहीं, पण ती जड असते व खडा लागला तर फुटते. अमेरिकेंत १९८३ सालीं प्लास्टिकच्या आवरणाच्या दिव्यांस परवानगी मिळाली व पुढें ती चाल सर्वत्र पसरली. हें प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. तें हलकें व चिवट आहे, परंतु त्यास सहज ओरखडे पडतात व सूर्याचे अतिनील किरण त्यास सोसत नाहींत. ठिबकची नळी काळी कां असते, हें पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक असेल. तिच्यांत मिसळलेली बारीक काजळी हे किरण शोषून घेते व नळी टिकते. दिव्याचें आवरण काळें करून चालत नाहीं, म्हणून कारखान्यांत त्यावर कठीण व पारदर्शक असा लेप देतात. ऊन, धूळ व खडी यांनीं कांहीं वर्षांत हा लेप झिजतो व भेगाळतो. मग खालचें प्लास्टिक पिवळें पडूं लागतें. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेच्या २०१८ सालच्या तपासणींत अशा अंधुक दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारें एक पंचमांश उरल्याचें दिसलें, आणि साफ केल्यावर तो सुमारें सात दशांशांपर्यंत परत आला.

हातीं काम घेण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा करावी. दिवा धुवून ओला असतांनाच पाहावा. ओलेपणीं धुकटपणा बराच कमी दिसला व वाळतांच पुन्हां आला, तर रोग वरच्या पृष्ठभागाचा आहे व तो घरीं बरा होईल. ओलेपणींहि तो तसाच राहिला, आंत पाण्याचे थेंब दिसले, किंवा आंतील चकचकीत वाटीच काळवंडली असली, तर बाहेरून कितीहि घासलें तरी गुण येणार नाहीं. तेथें मिस्त्रीच पाहिजे.

सामग्री थोडीच लागते: १०००, १५००, २००० व ३००० नंबरचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, चिकटपट्टी, दोन मऊ फडकीं, साबणाचें पाणी व अतिनील किरण अडविणारा दिव्याचा पारदर्शक लेप. हे सर्व जिन्नस मोटारीच्या रंगाच्या दुकानांत मिळतात.

गाडी सावलींत उभी करावी व दिवे बंद करून थंड होऊं द्यावे. ते साबणाच्या पाण्यानें धुवून भोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी दुहेरी लावावी. १००० नंबरचा कागद कांहीं मिनिटें पाण्यांत भिजवून हलक्या हातानें आडवा घासावा व पाणी सतत सोडावें. प्रथम पिवळट दुधासारखें पाणी येतें. तो जुना लेप होय. तें पांढरें येऊं लागलें व सर्व पृष्ठभाग सारखा दिसूं लागला म्हणजे थांबावें. दिवा धुवून १५०० चा कागद उभा घासावा, म्हणजे आधींचे आडवे ओरखडे गेले कीं नाहीं तें कळतें. त्याच रीतीनें २००० व ३००० चे कागद दिशा पालटून वापरावे. प्रत्येक वेळीं धुण्यास चुकूं नये, कारण मागील कागदाचा एक जाड कण पुढची सारी मेहनत फुकट घालवितो. शेवटीं दिवा धुरकट दिसेल, त्यानें घाबरूं नये. कंपाउंड फडक्यावर घेऊन गोल गोल घासलें म्हणजे तो निर्मळ होतो.

पुष्कळ लोक येथेंच काम संपलें असें समजतात, आणि कांहीं महिन्यांनीं दिवे पुन्हां पिवळे झाले म्हणून कंपाउंडास दोष देतात. वास्तविक घासण्यानें जुना लेप गेलेला असतो व प्लास्टिक उन्हापुढें उघडें पडलेलें असतें. म्हणून दिवा पुन्हां धुवून, पूर्ण कोरडा करून, बाटलीवरील सूचनेप्रमाणें लेपाचे पातळ हात द्यावे व तो वाळेपर्यंत धूळ आणि पाणी यांपासून जपावें. दोन द्रव मिसळून फवारावयाच्या लेपाची वाफ फुप्फुसांस घातक असते; तोंडास फडकें बांधून ती अडत नाहीं. तो प्रकार घरीं न करतां गॅरेजांत करून घ्यावा.

दंतमंजनाच्या पेस्टनें घासण्याचा उपाय सर्वतोमुखीं आहे. तिच्यांतील बारीक कणांनीं किंचित् चकाकी येते, परंतु संरक्षण कांहींच मिळत नाहीं. पेट्रोल व थिनर यांस तर स्पर्शहि करूं नये. त्यांनीं पॉलिकार्बोनेटास सूक्ष्म तडे जातात व ते घासून निघत नाहींत. अधिक प्रखर बल्ब बसविणें हाहि उपाय नव्हे. धुकट आवरणांतून त्याचा प्रकाश फांकून समोरून येणाराचे डोळे दिपवितो.

दप्तरांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून एक सूचना करतों. काम केल्याची तारीख गाडीच्या वहींत टिपून ठेवावी व दर सहा महिन्यांनीं वरील ओली परीक्षा करावी. गाडी एरव्हीं छपराखालीं उभी करावी. छप्पर नसेल तर तिचें तोंड सावलीकडे असावें. आपले दिवे साफ करतां करतां घरच्या ट्रॉलीस व बैलगाडीस मागें तांबडी चकाकती पट्टीहि लावावी. त्या रस्त्यानें मागून येणाऱ्या प्रत्येकाचे दिवे स्वच्छ असतीलच, असा भरंवसा कोणीं धरूं नये.