तंजावरचे आप्त

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातीच्या सोयरिकीनिमित्त चेन्नईहून पाहुणे भिगवणास आले. मंडळी देशस्थ, मूळची तंजावरची. गोत्र-पत्रिका पाहून झाल्या होत्या. परंतु या मद्रासी माणसांशीं बोलायचें कसें, या विवंचनेंत आमचें कुटुंब होतें. तोंच मुलाच्या आजीबाई उंबऱ्यांतूनच म्हणाल्या, "पाय धुवायला पाणी द्या हो!" उच्चारांवर तामिळची छाया, भाषा आपलीच.

पुणें व सुपें ही शहाजीराजांची जहागीर. पैकीं सुपें आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यांत. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें. त्यांच्यामागून कारकून, शास्त्री, हरदास तिकडे गेले व तेथेंच रुजले. दुसऱ्या सरफोजीराजांनीं (१७९८-१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढविलें. १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवळांत भोसले कुळाचा इतिहास मराठींत कोरविला. १८५५ मध्यें संस्थान खालसा झालें. दरबारची मराठी गेली, स्वयंपाकघरांतली राहिली. मराठी कीर्तनाची साकी-दिंडी तर तामिळ हरिकथेंत अजून ऐकूं येते. ती तेथें रुजविणाऱ्यांत मोरगांवकरबोवांचें नांव घेतात. नांवावरून तेही आमच्याच बाजूचे असावेत, असें मला आपलें वाटतें!

जेवतांना आजीबाईंनीं उडदाचें डांगर ओळखलें. त्यांच्याकडे त्यास डांगर पचडी म्हणतात.

इटलींतून अमेरिकेस गेलेल्या कुटुंबांत तिसऱ्या पिढीस भाषा बहुधा उरत नाहीं. नाताळच्या आदल्या रात्रींचें माशांचें जेवण तेवढें राहतें. तंजावरकरांनीं डांगरही राखलें आणि भाषाही. लिपि मात्र पुष्कळांची सुटली.

पानसुपारी झाल्यावर आजीबाईंनीं नातीस विचारलें, "तूं घरांत मराठीच बोलशील ना?" पोर गोंधळली. पुण्यांत नोकरी करणारी ती. सख्ख्या भावाशीं तिचें निम्मेंअधिक बोलणें इंग्रजींत. जो प्रश्न आम्हीं त्यांना विचारणार होतों, तो त्यांनीं आम्हांस विचारला! चाळीस वर्षें भाषा शिकविलेला मी मान खालीं घालून सुपारी कातरीत बसलों. अखेर नात म्हणाली, "प्रयत्न करीन." आजीबाईंस तें उत्तर पुरेसें वाटलें, मला वाटलें नाहीं.

सोयरीक जमली. परवां आजीबाईंचें नातीस पत्र आलें. मजकूर मराठी, अक्षर तामिळ. घरांत कोणास एक ओळ लागेना. शेवटीं मुलानें तें दूरध्वनीवरून वाचून दाखविलें. आतां नात तामिळ अक्षरें गिरवीत आहे, आणि उत्तर मराठींत लिहावयाचें म्हणून शब्द विचारावयास माझ्याकडे येते.