अंतरालाची टोके

दोन संख्यांच्या मधल्या सर्व वास्तव संख्यांच्या संचाला गणितात अंतराल म्हणतात. टोकाच्या दोन्ही संख्या धरल्या तर ते संवृत, दोन्ही वगळल्या तर विवृत. एकच टोक धरले की अंतराल अर्धविवृत होते, आणि भाषांतराची खरी अडचण इथेच येते.

मराठवाड्यातल्या पालमसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना ही कल्पना सांख्यिकीत भेटते, पण वेगळ्या नावाने. १०-२०, २०-३० असे वर्ग केले, तर २० गुण मिळवणारा कोणत्या वर्गात? असमावेशक पद्धतीत तो २०-३० मध्ये जातो. म्हणजे १०-२० या वर्गात १० आत आणि २० बाहेर: चक्क अर्धविवृत अंतराल. समावेशक पद्धतीत मात्र ११-२०, २१-३० असे वर्ग असतात आणि २० पहिल्यातच राहतो. याच प्रकरणातला 'वर्गांतर' हा शब्द वर्गाची लांबी सांगतो. ती एक संख्या आहे, संच नव्हे. त्यामुळे वर्गांतर आणि अंतराल यांची गल्लत सहज होते. पुढे अकरावीच्या विज्ञान शाखेत हेच सारे 'ओपन' आणि 'क्लोज्ड इंटरव्हल' होऊन इंग्रजीतून येते.

मराठवाड्याला परिभाषेची अशी अदलाबदल नवी नाही. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणितासह सारे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि मराठी परिभाषा कोशांचे काम त्याच्याकडे आले.

नुसता शब्दाला शब्द देऊन मात्र भागत नाही. उदाहरणार्थ, पोलिश भाषेत एकच टोक धरलेल्या अंतरालाला 'डावीकडून बंद' किंवा 'उजवीकडून बंद' म्हणायची सोय आहे. इंग्रजीतल्या 'हाफ-ओपन'मधून बाजू कळत नाही. 'अर्धविवृत'ही तितकेच मोघम. शिवाय पोलिश शालेय पुस्तकांत संवृत अंतराल कोनी कंसात ⟨१; २⟩ असे लिहिण्याची पद्धत आहे. मध्ये अर्धविराम, कारण तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. इंग्रजीत हेच [१, २] होते. भाषांतरात कोनी कंस तसाच ठेवला, तर इंग्रजी वाचक ती क्रमित जोडी समजेल. फ्रेंच परंपरेत तर विवृत अंतरालासाठी चौकोनी कंसच उलटे फिरवून ]१, २[ असे लिहितात.

रोजच्या मराठीतले 'ते' आणि 'पर्यंत' टोकाबद्दल मौन पाळतात. 'किमान' आणि 'पेक्षा कमी' बोलतात. म्हणून शंका असेल तिथे नावाबरोबर असमता द्यावी: १० ≤ क्ष < २०.