क्रीडांगणाजवळचें भुयारी स्थानक

सांगली-साताऱ्याच्या माणसानें मुंबईस जाऊन क्रिकेटचा सामना पाहावा, ही हौस जुनी आहे. सांगलीस जन्मलेल्या विजय हजारे यांनीं १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न क्रीडांगणावर पंचरंगी सामन्यांत ३०९ धावा काढल्या, तेव्हां त्यांच्या संघाच्या त्या डावांतील एकूण धावा होत्या ३८७. इतकें करूनहि संघ हरला तो हरलाच! पण ब्रेबोर्नचें नांव आमच्या घराघरांत पोहोंचलें.

आतां तेथवर जाण्याची वाट बदलली आहे. रात्रीं महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्यें बसलेला उतारू सकाळीं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. तेथून पुढें पायीं किंवा टॅक्सीनें जावें लागे. ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पुरी सुरू झाली. हा मार्ग ३३.५ किलोमीटरांचा; स्थानकें २७, आणि एक वगळतां सारीं जमिनीखालीं. टर्मिनसखालीं गाडी धरली कीं मध्यें हुतात्मा चौक, आणि लगेच चर्चगेट. वर आलें कीं ब्रेबोर्न अगदीं जवळ, पूर्वेस ओव्हल मैदान, आणि उत्तरेस थोडें चालल्यावर वानखेडे.

जाणें सोपें झालें. अडचण आहे ती परतण्याची. एक साधा हिशेब करूं. वानखेडे क्रीडांगणांत सुमारें ३३,००० माणसें बसतात. मेट्रोची गाडी आठ डब्यांची असून तींत दाटीवाटीनें अडीच हजार उतारू मावतात. सामन्यास येणारी मंडळी सवडीनें येतात. कोणी दोन तास आधीं, कोणी नाणेफेक झाल्यावर. शेवटचा चेंडू पडला कीं मात्र सारे एकदम उठतात. बहुतेक लोक लोकल गाड्यांकडे जातील हें खरें. तरीहि एक तृतीयांश मेट्रोकडे वळले असें धरलें, तर अकरा हजार माणसें झालीं. म्हणजे पांच गाड्या, आणि त्याहि रिकाम्या आल्या तर. दर सहा मिनिटांस एक गाडी धरली तरी शेवटच्या माणसाला अर्धा तास थांबणें प्राप्त आहे. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, या अर्ध्या तासांत त्यानें उभें कोठें राहावें?

भुयारी स्थानक म्हणजे जमिनींत पुरलेली मजल्यांची इमारत समजा. रस्त्यावर दार, त्याखालीं तिकिटांचा मजला, आणि सर्वांत खालीं फलाट. जागा सर्वांत कमी ती फलाटावर. जिना ही तर त्याहूनहि वाईट जागा, कारण पुढें काय झालें हें मागच्याला दिसत नाहीं आणि तो ढकलीत राहतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकावर, ज्याला आज प्रभादेवी म्हणतात, पावसामुळें लोक पुलावर थबकले आणि जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसें गेलीं. गाड्यांची टक्कर नव्हती, आग नव्हती. माणसांच्या मानानें जिना अरुंद होता, एवढेंच.

म्हणून गर्दी वरच्या वर अडवावी लागते. तिकीट दाखवितांच उघडणारीं तीं लहान दारें आपण पैसे वसूल करण्याचें साधन समजतों. पण गर्दीच्या वेळीं तीं चाळणीचेंहि काम करतात. सरकत्या जिन्याचीहि एक खोड आहे. खालीं जागा असो वा नसो, तो माणसें ओतीतच राहतो. म्हणून फलाट भरूं लागला कीं खालीं नेणारा जिना आधीं थांबवावा लागतो. या मार्गावर फलाटाच्या कडेला उंच कांचेचे दरवाजे आहेत आणि गाडी नेमकी उभी राहिल्यावरच ते उघडतात. मागून रेटा आला तरी पुढचा माणूस रुळांवर पडत नाहीं, आणि गार हवाहि भुयारांत वाहून जात नाहीं. फलाट चार मिनिटांत मोकळा व्हावा व सर्वांत दूरचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागीं पोहोंचावा, हा अग्निसुरक्षेचा अमेरिकन नियम जगांत पुष्कळ ठिकाणीं प्रमाण मानतात. जिने किती आणि केवढे रुंद, हें अशा हिशेबानें ठरतें.

आणि इतक्यानेंहि भागलें नाहीं तर? तर गाडी तेथें थांबवायचीच नाहीं. ४ जून २०२५ रोजीं बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणाच्या दारांशीं विजयोत्सवाच्या गर्दींत अकरा माणसें चेंगरून मेलीं. शेजारच्या कब्बन पार्क या भुयारी स्थानकांत त्या दिवशीं गाड्या न थांबतां पुढें नेण्यांत आल्या. लोकांना घरीं पोहोंचविण्याच्या वेळींच गाडी थांबत नाहीं, हें वरवर पाहतां उलटें वाटतें. परंतु थांबणारी प्रत्येक गाडी त्या गर्दींत नवीं माणसें उतरविते, हें ध्यानीं घ्यावें. माझ्या मतें हा निर्णय उशिरा घेण्यापेक्षां लवकर घेतलेला बरा, मग उतारूंनीं कितीहि नांवें ठेविलीं तरी.

आपल्याकडील मंडळींस एक व्यावहारिक सूचना. सामना दिवसाचा असल्यास चर्चगेटच्या दारांत अर्धा-पाऊण तास मोडेल असें धरूनच परतीची गाडी ठरवावी. रात्रीच्या सामन्यास मात्र महालक्ष्मीचा भरंवसा नको. ती मुंबईहून साडेआठच्या सुमारास सुटते, आणि तेव्हां बहुधा पहिलाच डाव चालूं असतो.