पानिपत, तनाग्रा आणि गिल्गमेश

परग्रहावरचा कप्तान डेथन बोलतो. अंतराळयानातलं यंत्र त्याच्या एकेका शब्दाचं चोख भाषांतर करतं. तरीही समोरच्या कप्तान पिकार्डला कशाचाच पत्ता लागत नाही. ‘दारमोक आणि जलाद, तनाग्रा इथे.’ शब्द कळतात, पण म्हणायचंय काय?

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेतला ‘दारमोक’ हा भाग ३० सप्टेंबर १९९१ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. पटकथा जो मेनोस्की यांची. त्यातले टामारी लोक आपल्या इतिहासातल्या आणि पुराणातल्या प्रसंगांची नुसती नावं घेऊन बोलतात. अपयश आलं की म्हणायचं, ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा.’ शाका कोण, भिंती कुठल्या, हे ठाऊक असेल त्यालाच त्यातली हळहळ कळणार.

या भागातला सर्वांत नेमका प्रसंग यानावरच्या संगणकापाशी घडतो. ‘दारमोक’ शोधल्यावर एका ग्रहावरचा सम्राट सापडतो, दुसरीकडचा पुराणातला शिकारी, तिसरीकडची वसाहत आणि चक्क एक गोठवलेला गोड पदार्थ! ‘तनाग्रा’ हे कुठे घराण्याचं नाव, कुठे समारंभात प्यायच्या पेयाचं, तर कुठे बेटाचं. दोन्ही याद्या ताडून पाहिल्यावर शिकारी आणि बेट एकाच ग्रहावर सापडतात. इथवर शोध अचूक आहे. पण त्या बेटावर त्या शिकाऱ्याचं झालं काय, हे माहितीसाठ्यात नाही, आणि नेमकं तेच हवं असतं.

मराठी माणसाला टामारी भाषा फारशी परकी वाटू नये. निवडणुकीत एखाद्याचं ‘पानिपत झालं’ म्हटलं की १४ जानेवारी १७६१ची लढाई कुणी समजावून सांगत बसत नाही. ‘ध चा मा’ म्हणताना नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाची हकिगत दोन अक्षरांत येते. असे वाक्प्रचार मेंदूला जड जात नाहीत, उलट सोपेच जातात. डेव्हिड स्विनी आणि अॅन कटलर या संशोधकांनी १९७९ मध्ये इंग्रजीवर केलेल्या प्रयोगांत, लोकांनी वाक्प्रचार तशाच साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखले. मात्र अट एकच, वाक्प्रचार आधीपासून ओळखीचा हवा.

इथे एक रास्त शंका येते. सगळी भाषाच प्रसंगांच्या नावांची असेल, तर मुळातली गोष्ट टामारी मुलांना कोण आणि कशी सांगणार? तिच्यासाठी साधी वाक्यं लागणारच. ही शंका पूर्णपणे फेडली जात नाही, पण डेथन जे करतो त्यात तिचं अर्धं उत्तर आहे. तो पिकार्डला एका निर्जन ग्रहावर नेतो, दोन खंजिरांपैकी एक त्याच्या हाती देतो आणि एका हिंस्र प्राण्याशी दोघांनी मिळून लढायचं ठरवतो. दारमोक आणि जलाद तनाग्राला असेच परके म्हणून आले आणि एकत्र लढून मित्र झाले. जी गोष्ट सांगता येत नाही, ती डेथन घडवून आणतो.

त्या लढाईत तो जबर जखमी होतो. रात्री शेकोटीपाशी पिकार्ड त्याला पृथ्वीवरची गोष्ट सांगतो. उरुकचा उन्मत्त राजा गिल्गमेश, त्याच्याशी झुंजून त्याचा सखा झालेला एन्किडू आणि एन्किडूचा मृत्यू. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण हे महाकाव्य स्वतःच सुमारे दोन हजार वर्षं जगाच्या स्मरणातून पुसलं गेलं होतं.

ते परत मिळण्याच्या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. डॅनिश मोहिमेतला कार्स्टन नीबूर मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मापं आणि चित्रं घेतली आणि परतीच्या वाटेवर १७६५ मध्ये इराणमधल्या पर्सेपोलिसच्या कीलाक्षरी लेखांच्या काळजीपूर्वक नकला केल्या. त्या नकलांवर जर्मन शाळामास्तर गेओर्ग ग्रोटेफेंड यानं १८०२ मध्ये डोकं चालवलं. त्याला ना लिपी येत होती ना भाषा, पण ग्रीक इतिहासकारांनी दिलेली इराणी राजांची वंशावळ मात्र ठाऊक होती. लेखांमधल्या एका राजाचा बाप स्वतः राजा नव्हता. तो राजा दारयवौश, म्हणजेच डरायस, असला पाहिजे हे त्यानं ताडलं आणि नावांवरून अक्षरं सोडवत नेली. संगणकाला न मिळालेली गोष्ट ग्रोटेफेंडपाशी आधीच होती! पुढे बेहिस्तूनच्या त्रैभाषिक लेखामुळे बॅबिलोनी कीलाक्षरंही वाचता आली.

मेसोपोटेमियातल्या निनेवेहून आणलेल्या कीलाक्षरी मातीच्या पाट्यांवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ काम करत होता. मूळचा तो नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा कारागीर. १८७२ मध्ये गिल्गमेशच्या काव्याच्या एका पाटीवर त्याला महापूर, नाव आणि सोडलेला पक्षी दिसला. बायबलमधली नोहाची गोष्ट त्याच्या मनात होतीच, म्हणून तुटक्या ओळींचा अर्थ झटकन लागला. ३ डिसेंबरला त्यानं तो मजकूर जाहीर वाचला तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन सभेला होते. ‘डेली टेलिग्राफ’नं पैसे देऊन त्याला निनेवेला धाडलं आणि १८७३ मध्ये तिथे पुराच्या कथेचा आणखी एक तुकडा त्याला मिळालाही. तो गिल्गमेशच्या काव्याचा नसून अत्राहासिस नावाच्या दुसऱ्या काव्याचा होता, हे अभ्यासकांना नंतर उमगलं. मेसोपोटेमियाच्या लोकांनी पुराची गोष्ट एकाहून अधिक काव्यांत सांगून ठेवली होती.